विडा कोणी उचलायचा

आमच्या अविनाशला, माझ्या लेकाला, एक वाईट खोड आहे. गिऱ्हाइकानं तोंड उघडायचा अवकाश, हा म्हणतो, "थई जशे." जन्म बडोद्यात गेला, त्यामुळे गुजराती त्याच्या जिभेवर मराठीपेक्षा गोड बसते. चोळीचा गळा बदलायचा? थई जशे. आठवडाभर आधी हवं? होऊन जाईल, बेन, थई जशे. अरे, पण करणार कोण? तू तर खुर्चीत बसून फोनवर बोटं फिरवतोस. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं?

तसा माणूस भला आहे. कधी कोणावर ओरडत नाही. कामावरच्या बायकांना ताई म्हणतो, त्यांच्या पोरांच्या परीक्षांची चौकशी करतो. म्हणून तर त्याची खोड कोणाला सांगायची सोय नाही. ओरडणाऱ्या मालकाला माणूस घरी जाऊन चार शिव्या तरी घालतो. हसऱ्या मालकाचं काय करायचं?

आमचं घराणं मुळात शिवणकामाचं नव्हे. आजेसासरे पिलाजीराव हे बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या घोडदळात होते. घोड्यावरून पडून पाय अधू झाला, तेव्हा बसल्या जागी तंबू शिवायला लागले. तंबूवरून वर्दी, वर्दीवरून लग्नाचे कोट, आणि माझ्या यजमानांच्या हातात धंदा आला तोवर चनियाचोळी. नवरात्र आलं की अख्खं बडोदे नाचायला निघतं, आणि त्यातल्या कितीतरी बायका आमच्या रावपुऱ्याच्या माडीवर शिवलेल्या घेरात गिरक्या घेतात. बढाई नाही मारत. आहे ते सांगते.

घोडा गेला, तलवार गेली, पण पिलाजीरावांनी एक रीत मागे ठेवली. विड्याची. मोठं काम आलं की मालकानं हो म्हणायचं नाही. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच कापायच्या टेबलावर तबकात विडा ठेवायचा आणि सगळ्यांच्या देखत काम सांगायचं. एवढे नग, असं कापड, अमुक तारीख. ज्याला पेलेल त्यानं पुढे येऊन विडा उचलायचा. एकदा उचलला की मग रात्रीचा दिवस करून काम पुरं करायचं, तक्रार नाही. आणि कोणीच उचलला नाही तर गिऱ्हाइकाला चहा पाजून हात जोडायचे. माझे सासरे बळवंतराव म्हणायचे, "राजासुद्धा लढाईला विडा ठेवतो. कोणाच्या तोंडात कोंबत नाही."

यजमान गेले आणि माडी अविनाशकडे आली. पहिलंच मोठं काम आलं तेव्हा आमचे कापणारे मास्तर गणपतराव गावाला गेलेले. बाकीच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. अविनाशला वाटलं, गिऱ्हाइकासमोर शोभा होतेय. त्यानं स्वतःच हात पुढे केला, विडा उचलला आणि तोंडात टाकला. गिऱ्हाईक खूश! कोणीतरी फोटो काढला. झालं, तेव्हापासून तीच रीत पडली. विडा मालक ठेवणार, मालकच उचलणार, मालकच चघळणार, आणि फोटो फोनवरून गावभर फिरणार, 'आमची परंपरा' म्हणून. तोंड रंगलं मालकाचं आणि राबायचं शिवणाऱ्या बायकांनी.

मी त्याला तेव्हाच म्हटलं, "हे उलटं चाललंय." तर म्हणाला, "आई, जमाना बदलला. मॅनेजमेंट तुला नाही समजायची." खरं आहे. मी तिसरी शिकले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून माडीचा जिनाही चढवत नव्हता. मी आपली कारेलीबागेतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत हिंचक्यावर बसून शेंगा सोलायची.

यंदा गणपती बोळवले आणि दुसऱ्याच दिवशी जेवताना अविनाश म्हणाला, "आई, स्टाफ फार टेन्शनमध्ये आहे."

म्हटलं, देव पावला. एवढं तरी दिसलं याला.

"मग काय करणार आहेस?"

"अलकापुरीत एका हॉटेलात शिबिर आहे. मालकांनी स्टाफचा ताण कसा घालवायचा, त्याचं. मी नाव घातलंय."

गेला. दिवसभर थंडगार खोलीत बसला, पनीर खाल्लं आणि एक मोठं पिवळं हसरं तोंड घेऊन परत आला. कागदाचं. ते म्हणे माडीवर भिंतीला लावायचं. आणि सगळ्यांनी रोज पाव तास लवकर येऊन गोल करून हसायचं. मनात काही नसलं तरी हसायचं, त्यानं ताण जातो.

"आणि हसायला उशीर झाला तर?" मी विचारलं.

"तर मी प्रेमानं सांगणार."

"अरे, शिबिरात काय शिकवलं सगळं? एवढंच?"

"पुष्कळ होतं. पण हे सोपं वाटलं."

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. शिवाय रोज रात्री फोनवर सगळ्यांना एक सुविचार पाठवायचा, हेही त्यानं सुरू केलं. वर सुविचार, खाली उद्याचं काम.

चार दिवस गेले असतील. दुपारी दारावर कमला. ही आमची सगळ्यांत जुनी शिवणारी. लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा तिला बखिया घालता येत नव्हता. तिनं पहिली चोळी धडपणे शिवली त्या दिवशी मी माझ्या हातानं तिला कात्री दिली होती. तीच कात्री तिनं पिशवीतून काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"धार लावायला आणलीस?"

"नाही काकी. परत द्यायला."

मग पिशवीतून एक चोळी काढली. लाल, पाठीला गोंडे. मी उलटीपालटी करून बघितली. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या. मला हसू आलं. म्हटलं, "अगं, त्या पोरीनं काय एका हातानं गरबा खेळायचा?"

कमला हसली नाही. तिचे डोळे भरले. पाणी दिलं, शेजारी बसवून घेतलं.

"अविनाश रागावला?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. दादा म्हणाले, कमलाताई, हसा बघू, थई जशे."

"आत्ता हातात काय काय आहे तुझ्या?"

"सगळंच."

"पण आधी काय द्यायचंय?"

"सगळंच आधी, काकी! सकाळी मृदुलाबेनच्या गरबा ग्रुपचं आधी. दुपारी शाळेच्या पोरींचं आधी. भाकऱ्या थापायला बसावं तर फोन वाजतो, आणि तिसरंच आधी. मृदुलाबेन तर मशीनशेजारी खुर्ची टाकून बसतात. 'हजी केटली वार?' अजून किती वेळ, अजून किती वेळ. माणसानं शिवायचं कसं? त्यात हसायला लवकर जायचं. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते नेमकं त्याच वेळेला. मी तिकडे हा हा करते आणि घरी हंडे रिकामे."

"इथून जाऊन करणार काय?"

"झोपणार."

"आणि घर?"

"ते विचारू नका. ते विचारलंत तर मला जाता येणार नाही." तिनं डोळे पुसले. "दुर्गापण म्हणते, तू गेलीस की मी पण."

दुर्गा आमची आभले, म्हणजे कापडावरचे छोटे आरसे, लावणारी. या दोघी गेल्या तर नवरात्राच्या तोंडावर माडीला कुलूपच. आणि खरं सांगते, कुलपापेक्षा मला त्या दोन उजव्या बाह्यांची जास्त भीती वाटली. ज्या बाईचा हात डोळे मिटूनही चुकत नव्हता, तिला आम्ही डावं-उजवं विसरायला लावलं होतं.

मी म्हटलं, "कात्री राहू दे माझ्याकडे. उद्या सकाळी मात्र माझ्याबरोबर माडीवर यायचं. नळाचं पाणी भरून ये, घाई नको. मग तुला जायचं असेल तर जा. मी अडवायची नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षानं रावपुऱ्याला गेलो. जिना मी कठड्याला धरून, पायरीगणिक अविनाशला शिव्या देत चढले. वर पोचले तर दारातच थबकले. हसण्याचा पाव तास केव्हाच उलटला होता, तरी सगळी माणसं गोल करून उभी. भिंतीवर ते पिवळं तोंड. मधोमध अविनाश टाळ्या पिटतोय, "मोठ्यानं! मनापासून!" आणि माझी शहाणीसुरती माणसं, गळ्यात टेप अडकवलेली, केसांत दोऱ्याचे तुकडे अडकलेली, "हा... हा... हा..." करतायत. गणपतराव तर असे हसत होते जसं कोणी दाढ उपटतंय.

मी म्हटलं, "गणपतराव, पोटात कळ आली का हो?"

दुर्गानं तोंडाला पदर लावला, पण तिला आवरेना. मग एकेक करून सगळेच फुटले. गणपतरावांना ठसका लागला. त्या पिवळ्या तोंडाखाली पहिल्यांदाच कोणी खरं हसलं असेल.

अविनाश मात्र खूश. "बघितलंस आई? काम करतंय!"

मी काही बोलणार तेवढ्यात जिन्यावरून मृदुलाबेन आल्या. कारेलीबागेतल्या मोठ्या गरबा ग्रुपच्या पुढारी, बाई दिलदार, पण आवाज असा की शिवण उसवावी. "अरे वाह, बा पण आल्यात! केम छो बा?" आणि बसायच्या आधीच सुरू झाल्या. सगळ्या चोळ्यांना पाठीवरही आभले हवेत. शिवाय मोठ्या वयाच्या बेनांचा नवा ग्रुप निघालाय, त्यांचेही घेर शिवायचे. तारीख तीच. "थई जशे ने, अविनाशभाई?"

अविनाशचं तोंड उघडलं. "थई..."

"अविनाश!" मी म्हटलं. "पान कुठाय?"

त्याला वाटलं, आई परंपरा जपायला आली. खुलला एकदम. खालच्या पानवाल्याकडून विडा आणवला, तबक पुसलं, कापायच्या टेबलावर ठेवलं आणि खिशातून फोन काढला. "आई, आज तूपण फोटोत ये."

"फोन खिशात. आणि दोन्ही हात पाठीमागे."

"काय?"

"पाठीमागे. शाळेत मास्तर उभं करायचे तसे. आता काम सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

त्यानं सांगितलं. बोलता बोलता त्याचं त्यालाच ते केवढं मोठं आहे ते ऐकू आलं असावं, कारण शेवटी शेवटी आवाज बारीक झाला. पंखा फिरतोय, तबकात विडा. कोणी जागचं हललं नाही.

"गणपतकाका," अविनाश हसून म्हणाला, "तुम्ही तरी उचला."

गणपतरावांनी गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली. "दादा, तुमच्या वडिलांच्या वेळेपासून मी विडे उचललेत. हा उचलला तर गिळवणार नाही मला."

"आई, गिऱ्हाईक जाईल," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

"जाऊ दे." मी पिशवीतून कमलाची कात्री काढून विड्याशेजारी ठेवली. "ही गेली तर तू शिवणार आहेस?"

अविनाशनं कात्री ओळखली. कमलाकडे बघितलं. ती खाली बघत होती. त्याचा चेहरा असा उतरला की मृदुलाबेनसुद्धा गप्प बसल्या, आणि ते सोपं नव्हे.

"कमलाताई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"दादा, तुम्ही हसायला सांगितलं होतं," कमला म्हणाली. "बोलायला कुठे सांगितलंत?"

मला वाटलं, आता हा आपली बाजू मांडेल. शिबिराचं सांगेल. नाही. हात त्यानं पाठीमागेच ठेवले. मग म्हणाला, "मग आता सांगा. काय केलं तर हा विडा उचलाल?"

मालकानं एकदा विचारलं म्हणून काही माणसांचा विश्वास बसत नाही. तो थांबला. पहिली दुर्गा बोलली, तीही भिंतीकडे बघून. पाठीवर आभले लावायचे तर डोळे जातील, पुढच्या बाजूला सांगा तेवढे लावते. मग कोणी म्हणालं, सकाळी एकदाच सांगा आधी काय, आणि दिवस मावळेपर्यंत ते बदलू नका. घरी फोन नको. मशीनजवळ गिऱ्हाईक नको. गणपतराव म्हणाले, "आणि दादा, ते हसणं..."

"बंद," अविनाश म्हणाला.

आता खरी परीक्षा होती. मृदुलाबेन तबकाकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. अविनाशच्या कपाळावर घाम. आयुष्यात ह्या पोरानं गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. लहानपणी शेजारणीनं दुधीचा हलवा दिला तर आवडत नसताना तिसऱ्यांदा मागून घ्यायचा. मी तोंड मिटून बसले. हे माझ्या तोंडून गेलं असतं तर त्याचा उपयोग शून्य.

"मृदुलाबेन," तो म्हणाला, "नहीं थाय."

"शुं?"

"नाही होणार. तुमच्या ग्रुपचं आधी ठरलं तसं वेळेवर देतो. आभले पुढेच. मोठ्या बेनांचं काम मात्र मला घेता येणार नाही."

मृदुलाबेन रागावल्या. तुमच्याकडे का आले, दुसरी दुकानं काय कमी आहेत मांडवीत, असं बरंच बोलल्या. अविनाशनं ऐकून घेतलं. हात पाठीमागेच. मग चहा आला, चहाबरोबर राग थोडा उतरला. जाताना त्या मला म्हणाल्या, "बा, तुमचा अविनाशभाई आज पहिल्यांदा खरी तारीख बोलला. नाहीतर दर वर्षी मी इथे खुर्ची टाकून कशाला बसते?" मोठ्या बेनांचं काम त्या दुसरीकडे घेऊन गेल्या ते गेल्याच. चांगलं काम होतं. अविनाश दोन दिवस जेवताना नीट बोलला नाही.

पण त्या सकाळी गणपतरावांनी पुढे येऊन विडा उचलला. कमलानं नाही. ती फक्त मशीनवर बसली आणि ती लाल चोळी मांडीवर घेऊन एक बाही उसवायला लागली. कात्री तिनं घेतली नाही, शेजारणीची मागून घेतली. म्हणाली, "काकी, नवरात्रापर्यंत बघते."

मी कात्री माडीवरच्या देव्हाऱ्याखाली ठेवून घरी आले.

पुढचं मला दुर्गाकडून कळायचं. अविनाशनं स्वतःची खुर्ची उचलून जिन्याच्या तोंडाशी टाकली. गिऱ्हाईक आलं की तिथेच, आत नाही. रोज सकाळी सगळ्यांना सांगायचा, आज आधी हे, बाकीचं आज विसरा. फोन माडीवरून निघताना बंद. पहिले काही दिवस त्याची बोटं नुसती वळवळायची. एकदा कोणा बाईनं लाडीगोडी लावली तेव्हा त्याच्या तोंडून "थई ज..." एवढं निसटलं, आणि आत सगळ्या मशीन एकदम थांबल्या. तो म्हणाला, "बघून सांगतो." मशीन पुन्हा सुरू. तेव्हापासून ती माडीवरची चेष्टाच झाली. काही चुकलं की एकजण 'थई ज' म्हणायचा आणि सगळे कापड खाली ठेवायचे, अविनाशसकट हसत. ते पिवळं तोंड गणपतरावांनी काढलं आणि त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर कोट बेतला.

सगळं गोड झालं असं नाही. शाळेच्या पोरींचं काम उशिरा गेलं, तेव्हा अविनाशनं स्वतः शाळेत जाऊन बोलणी खाल्ली, कोणा बाईचं नाव पुढे केलं नाही. दुर्गाचे डोळे दुखतातच. पण घटस्थापनेच्या दिवशी माडी दिवेलागणीला बंद झाली. आमच्या सोसायटीच्या गरब्यात मी खुर्ची टाकून बसले होते, तर गोलात कमला! एवढी वर्षं दुसऱ्यांचे घेर शिवले, स्वतः कधी आली नव्हती. माझ्यासमोरून जाताना तिनं दोन्ही हात वर करून मला दाखवले. एक डावा, एक उजवा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पूर्वी तलवारी होत्या, आता मशीन आणि कात्र्या. मी पुन्हा तो जिना चढले. झेंडूच्या माळा घातल्या होत्या, कात्र्या ओळीनं पाटावर मांडल्या होत्या, आणि कमलाची त्यात होती. कोणी ठेवली विचारलं नाही. हळदकुंकू वाहून झालं. मग अविनाशनं तबक आणलं. विडा खालून आणवलेला नव्हता, त्यानं स्वतः लावला होता. दिवाळीच्या कामाचं त्यानं सगळं सांगितलं, काय, किती, कधीपर्यंत, आणि काय काय नाकारलं तेही. मग हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. विड्यावर नजरसुद्धा नाही.

कमला पुढे आली. आधी पाटावरची आपली कात्री उचलली, कपाळाला लावली, कमरेला खोचली. मग विडा उचलला. त्याचे दोन तुकडे केले आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

मी चघळला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि सगळ्यांत जास्त अविनाश. चाळिशी उलटली पोराची, पण उभा असा होता जसा निकालाच्या दिवशी.

मी म्हटलं, "अविनाश, पान तुला लावता येत नाही. चुना जास्त झालाय, जीभ भाजली माझी. पण हात मागे ठेवता यायला लागले. तुझ्या बापाला तेवढं यायला फार वर्षं लागली होती."